इंजिन काढलं, मोटर बसवली आणि घाणा अडकायला लागला: एका गुऱ्हाळाचं प्रकरण

गावाचं आणि मालकाचं नाव लिहीत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो, लेथ आहे, ड्रिल आहे, दोन माणसं आहेत. गेल्या हंगामातलं हे काम आहे आणि यात मी स्वतः एक चुकीचा सल्ला दिला होता तोही लिहिणार आहे, कारण तीच चूक अजून बऱ्याच ठिकाणी चाललेली बघतोय.

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला एक लहान गुऱ्हाळ आहे. मालकांना सगळे आबा म्हणतात, मुलगा आयटीआय झालेला, आता कारभार तोच बघतो. घाणा, म्हणजे ऊस पिळायचं यंत्र, तीन रोलरचा, आडवा, रोलर १० इंची. पंचवीस-तीस वर्षं तो एका जुन्या १२ एचपीच्या डिझेल इंजिनावर चालायचा, ६५० आरपीएमचं (मिनिटाला ६५० फेरे), दोन्ही बाजूला फ्लायव्हील म्हणजे जड चाक असलेलं, ठक ठक ठक करत दिवसभर पळणारं. इंजिनला १० इंची पुली, घाण्याला ४० इंची पुली, मधे रुंद सपाट पट्टा. घाण्याच्या अंगातच दोन टप्प्यांचे उघडे गिअर आहेत, पहिला ४ ला १, दुसरा साडेतीनला १.

हे आकडे नीट वाचा, पुढचं सगळं प्रकरण यांच्यावरच आहे. पुलीनं ४ पट, गिअरनं १४ पट, म्हणजे इंजिन ५६ वेळा फिरलं की रोलर एकदा फिरणार. ६५० ला ५६ नं भागलं की साडेअकरा येतात. रोलर मिनिटाला साडेअकरा फेरे. बघायला गेलं तर एकदम संथ, पण घाणा संथच चालला पाहिजे.

डिझेल महाग झालं, इंजिनचे पार्ट मिळायला त्रास व्हायला लागला आणि थ्री फेज लाइन शेडपर्यंत आली म्हणून दसऱ्याच्या आधी त्यांनी इंजिन काढून १० एचपीची, १४४० आरपीएमची मोटर घेतली. दुकानदारानं विचारलं किती एचपी, यांनी सांगितलं दहा. आरपीएम कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. इंजिनचीच १० इंची पुली बोअर बदलून मोटरला चढवली, पट्टा लांब पडतोय म्हणून मोटर घाण्याच्या जवळ घेतली आणि पट्टा कापून लहान केला. इंजिनला सात फुटाचं अंतर होतं, मोटरला चार फूट.

अडचण

मोकळा घाणा जोरात फिरला, सगळे खूश. ऊस घातला आणि दोन-तीन मोळ्यांतच मोटर हूं करून बसली, रिले ट्रिप, म्हणजे लोड जास्त झाला म्हणून स्टार्टरनं मोटर बंद केली. परत चालू, परत ट्रिप. मग एकावेळी दोन-दोन कांड्या घालून चालवायला लागले. तरी एका आदणाला (कढईत एका वेळी आटवायची खेप) लागणारा रस जो आधी सव्वादोन तासात निघायचा त्याला चार तास लागायला लागले.

पण खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी झाला. मी गेलो त्या दिवशी गूळ शिजवणाऱ्या गुळवे मामांनी घाण्यातून नुकतंच पडलेलं चिपाड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले पिळून बघा. पिळलं तर बोटांतून रस ठिबकला. इंजिनवर असताना हेच चिपाड पिळलं तर नुसता हात चिकट व्हायचा. रोलर जोरात फिरतोय त्यामुळं रसाला खाली निथळायला वेळच मिळत नाही, दाबातून सुटल्याबरोबर चिपाड स्पंजासारखं परत तो रस ओढून घेतं. म्हणजे रस गेला. वर चिपाड ओलं, वाळायला जास्त दिवस लागणार, आणि ओलसर चिपाड चुलवाणात घातलं की धूरच धूर, आच लागत नाही. इकडं रस चार-चार तास साठवून ठेवलेला, तो आंबट व्हायला लागतो, त्यातली साखर मोडते, मग भेंडीचं पाणी कितीही घाला आणि मळी कितीही काढा, गूळ काळपट आणि मऊ येतो. शाहू मार्केट यार्डात सौद्याला रंग बघूनच भाव ठरतो. पुलीची चूक अशी थेट गुळाच्या रव्याच्या (ढेपेच्या) भावापर्यंत जाऊन पोचली होती.

आबांचा प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतोय. "मिस्त्री, बाराचं इंजिन हुतं, दहाची मोटर हाय. दोन घोड्यांचा फरक एवढा अडतोय व्हय?"

फरक दोन घोड्यांचा नव्हता

एचपी म्हणजे नुसता जोर नाही, जोर गुणिले वेग. तोच १० एचपी कमी वेगात मिळाला तर पिळणारा जोर, म्हणजे टॉर्क, जास्त असतो आणि जास्त वेगात मिळाला तर जोर कमी असतो. सूत्र सोपं आहे, किलोवॅटला ९५५० नं गुणायचं आणि आरपीएमनं भागायचं, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये येतो. मोटर साडेसात किलोवॅट, १४४० आरपीएम, म्हणजे साधारण ५० न्यूटन-मीटर. इंजिन १२ एचपी म्हणजे जवळपास ९ किलोवॅट, ६५० आरपीएम, म्हणजे १३१.

आबांना न्यूटन सांगून उपयोग नव्हता म्हणून पान्यावर सांगितलं. शाफ्टला एक मीटर लांब पाना लावला असं समजा. मोटर त्या पान्याच्या टोकाला ५ किलो वजन पेलते, इंजिन १३ किलोच्या वर पेलायचं. आता दोघांनाही सारखेच ५६ पट गुणा. इंजिनवर रोलरच्या पान्याला साडेसातशे किलोचा जोर मिळत होता, मोटरवर २८० च्या आसपास. झिजेत, घर्षणात जाणारं दोन्हीकडं जाणारच, ते सोडून देऊ. म्हणजे रोलरला आधीच्या चाळीस टक्केही जोर मिळत नव्हता, आणि रोलर मात्र साडेअकराऐवजी २५-२६ फेरे मारत होता. पोराने रोलरवर खडूची खूण करून मोबाईलवर मिनिट लावून मोजले, तेवढेच आले.

आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी बैल हाय, पण पळवतोय त्येला. वडायला लावत न्हाई." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. लाइनच्या शेवटाला गुऱ्हाळ, मीटर लावला तर भर लोडला ३६५ व्होल्ट, असायला पाहिजेत ४१५. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे व्होल्टेज बारा टक्के कमी झालं तर जोर जवळजवळ पाव कमी. आणि स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत उठते आणि मग डेल्टावर जाते, स्टारमध्ये मुळात एक तृतीयांशच जोर असतो. घाण्यात ऊस अडकलेला असताना बटण दाबलं तर ती मोटर कशी उठणार. दुसरं म्हणजे फ्लायव्हील गेलं होतं. उसाचं पेरं, कांडीची जाड गाठ आली की क्षणभर जास्त जोर लागतो, तो इंजिनच्या जमान्यात फ्लायव्हील देत होतं. मोटरला तसं काहीच नव्हतं, प्रत्येक गाठ थेट मोटरवर.

माझा फोनवरचा सल्ला

हे सगळं मला तिथं गेल्यावर कळलं. त्याच्या आठ दिवस आधी पोराचा फोन आला होता आणि मी न बघताच सांगितलं की मोटरची पुली लहान कर, साडेचार इंची टाक. गणितात ते बरोबर होतं, ४० भागिले साडेचार म्हणजे जवळपास ९ पट, रोलर साडेअकरावर येतो. पण मी विचारलं नाही की पट्टा कुठला आहे आणि अंतर किती आहे.

पट्टा होता जाड, पाच पदरी कॅनव्हासचा. तो साडेचार इंची पुलीवर वळतच नाही, पुलीला नीट चिकटत नाही. त्यात अंतर चारच फूट, एका बाजूला ४० इंची आणि दुसऱ्या बाजूला एवढीशी पुली, पट्ट्याची मिठी, म्हणजे लहान पुलीला तो जेवढा वेढतो ते, कमी झाली. इंजिनवर १६० अंशाच्या आसपास मिठी होती, ती १४० च्या खाली आली. रोलरला जोर पाहिजे, पट्टा तो न्यायला तयार नाही. पट्टा घसरला, त्यांनी राळ लावली, परत घसरला, त्यांनी मोटर मागं ओढून पट्टा ताणला. दुसऱ्या दिवशी शेडभर जळक्या रबराचा वास, मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर हात ठेववत नाही एवढी गरम, आणि पट्ट्याचे पदर सुटलेले. म्हणून परत १० इंची पुलीच चढवली, मी गेलो तेव्हा घाणा तिच्यावरच होता.

पट्टा गेला तो आबांचा गेला, सल्ला माझा होता, म्हणून त्या पट्ट्याचे पैसे मी बिलात वळते केले. वेग कमी करून जोर वाढवायचा म्हणजे तो वाढलेला जोर वाटेतल्या प्रत्येक पट्ट्याला, पुली शाफ्टला धरून ठेवणाऱ्या चावीला, गिअरच्या दाताला सोसायला लागतो, हे फोनवर बोलताना माझ्या डोक्यातून निसटलं होतं.

पर्याय

शेडमध्ये बसून सगळे पर्याय मांडले, प्रत्येकाचं आपलं एक मत होतं.

पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले २० एचपीची मोटर घ्या, विषय संपला. जोर मिळाला असता, पण वेग तोच २५ राहिला असता, चिपाड ओलंच पडलं असतं, वर मंजूर भार वाढवायचा, केबल बदलायची, आणि व्होल्टेज अजून पडलं असतं. हा पर्याय मी पहिल्यांदा बाजूला केला.

पोराचं मन व्हीएफडीवर होतं, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवून वेग खाली आणायचा. हा गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो म्हणून जरा थांबून लिहितो. ड्राइव्हनं फ्रिक्वेन्सी कमी करून मोटर ६५० ला आणली तर वेग कमी होतो, पण मोटरचा टॉर्क ५० न्यूटन-मीटरच राहतो, वाढत नाही. म्हणजे १० एचपीची मोटर तिथं साडेचार एचपीचंच काम करणार. वर तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही हळू फिरणार, म्हणजे भरपूर लोड आणि थंडावा कमी. वेग देऊन बदल्यात जोर घ्यायचा असेल तर मधे गिअर, पुली किंवा चेन यातलं काहीतरी लागतंच. ड्राइव्ह चांगली वस्तू आहे, पण इथलं दुखणं वेगळं होतं.

आठ पोलची मोटर, ७२० आरपीएमची. खरं सांगायचं तर दसऱ्याआधी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. त्याच १० एचपीला दुप्पट टॉर्क, इंजिनच्या वेगाच्या जवळ, काहीच बदलायला नको. महाग असते आणि अंगानं मोठी असते. पण नवी मोटर आधीच घेऊन झालेली आणि दुकानदार परत घेईना.

गिअरबॉक्स. साधारण ९ ला १ चा हेलिकल गिअरबॉक्स घेऊन पट्टाच काढून टाकायचा आणि घाण्याला कपलिंगनं थेट जोडायचं. दिसायला सगळ्यात नीटनेटकं, झीज कमी, एफिशियन्सी ९५ टक्क्यांच्या वर. माझा ओढा इकडं होता. इथं गुळवे मामांनी एक प्रश्न विचारला आणि माझं मत फिरलं. ते म्हणाले, कोयत्याचं पातं उसात आलं तर? दर हंगामात एकदा तरी मोळीतून कोयत्याचा तुकडा, दगड, बैलगाडीचा खिळा असं काहीतरी येतंच. सपाट पट्टा त्या वेळी घसरतो, पडतो, आणि घाणा वाचतो. थेट कपलिंग लावलं असतं तर पूर्ण जोर ओतीव गिअरच्या दातावर गेला असता. टॉर्क लिमिटर, म्हणजे जोर जास्त झाला की सुटणारी जोडणी, बसवता येतो, पण खर्च अजून वाढला असता.

राहिला काउंटरशाफ्ट, म्हणजे मोटर आणि घाण्याच्या मधे एक वेगळा शाफ्ट आणि वेग दोन टप्प्यात कमी करायचा. हेच ठरलं.

काय केलं

हिशोब असा धरला की घाण्याला कळलंच नाही पाहिजे की इंजिन गेलंय. मोटरला ५ इंची व्ही-पुली, काउंटरशाफ्टला ११ इंची, मधे बी सेक्शनचे चार व्ही-बेल्ट. १४४० भागिले २.२ म्हणजे ६५५, झालं इंजिनचं आरपीएम. काउंटरशाफ्टवर इंजिनचीच १० इंची सपाट पुली, नवा सपाट पट्टा, आणि काउंटरशाफ्ट इंजिनच्या जुन्या फौंडेशनवर, म्हणजे सात फुटाचं अंतर परत मिळालं. जिथं वेग जास्त आणि ओढ कमी तिथं लहान पुलीवर व्ही-बेल्ट, आणि जिथं घसरणं फायद्याचं आहे तिथं सपाट पट्टा.

मग फ्लायव्हील. पोरगं म्हणालं मोटरच्याच शाफ्टला लावू, वेग जास्त तर साठा जास्त. साठा वेगाच्या वर्गाने वाढतो हे त्याचं बरोबर होतं. पण ओतीव लोखंडाच्या कड्यावरचा ताणही वेगाच्या वर्गानेच वाढतो. ६५० साठी ओतलेलं चाक १४४० ला फिरवलं तर ताण जवळजवळ पाचपट, आणि असं चाक फुटलं तर समोरचा माणूस वाचत नाही. हे मी त्याला एकदम कडक आवाजात सांगितलं आणि आजही कुणालाही तसंच सांगीन. इंजिनचं एक फ्लायव्हील काढून काउंटरशाफ्टवर बसवलं, तिथं ते आपल्या नेहमीच्याच वेगात फिरतं. आणखी एक फायदा झाला, मधे २.२ चं रिडक्शन असलं की मोटरला ते चाक २.२ च्या वर्गाने हलकं वाटतं, म्हणजे पाचावा हिस्साच, त्यामुळं मोटरला ते उचलायला जड गेलं नाही.

स्टार्टरचा टायमर थोडा वाढवला. घाण्याला जुनी लूज पुली (शाफ्टवर मोकळी फिरणारी) होती, गंजून पडलेली, ती बुश टाकून परत चालू केली, आता आधी पट्टा लूज पुलीवर ठेवून मोटर पूर्ण वेगात आणायची आणि मग काठीनं पट्टा सरकवायचा. वायरमनकडून केबल जाड करून घेतली, भर लोडला ३९० पर्यंत व्होल्टेज मिळायला लागलं.

निकाल

रोलरचे फेरे मोजले, साडेअकराला थोडे कमी. क्लॅम्प मीटरवर आधी ट्रिप व्हायच्या आधी २२-२३ अँपिअर दिसायचे, आता ऊस भरून घातला तरी १३ च्या आत. मामांनी परत चिपाड हातात दिलं, पिळलं, रस आला नाही.

पण इंजिनएवढा ऊस जात नाही, तेही सांगतो. पान्याच्या हिशोबात आता रोलरला ६२८ किलोचा जोर मिळतो, इंजिनला ७५० चा होता. भागाकार केला तर ८४ टक्के येतात, आणि १० ला १२ नं भागलं तरी ८३ येतात. पुली कितीही बदला, शेवटी एचपीच्या पुढं जाता येत नाही, वेग आणि जोर यांची फक्त अदलाबदल करता येते. आदणाचा रस आता दोन तास चाळीस मिनिटात निघतो. आबांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून वाद झाला नाही.

जानेवारीत मोळीतून खरंच लोखंड आलं, पट्टा उतरून पडला, गिअरला काही झालं नाही.

काय वेगळं करायला पाहिजे होतं

व्ही-बेल्टवर जाळीचं गार्ड पहिल्या दिवशी बसवलं नव्हतं, दोन दिवसांनी आणून देतो म्हणून मी परत आलो. दुसऱ्याच दिवशी मोळ्या देणाऱ्या गड्याच्या खांद्यावरचा टॉवेल बेल्टमध्ये ओढला गेला. टॉवेल सुटा होता म्हणून माणूस वाचला. तो फाटलेला टॉवेल मी बघितला आणि तेव्हापासून गार्डशिवाय मी कुठलाही बेल्ट ड्राइव्ह चालू करून देत नाही, मालक कितीही घाई करू दे.

फोनवर आता चार गोष्टी विचारल्याशिवाय पुलीचा साइज सांगत नाही: आधी काय चालत होतं आणि त्याचं आरपीएम काय, दोन्ही पुल्या किती इंची, दोन शाफ्टमधलं अंतर किती, आणि पट्टा कुठला. पाचवी गोष्ट भर लोडचं व्होल्टेज, ते बहुतेकांना माहीत नसतं, पण विचारतो.

आणि फ्लायव्हील. एक चाक काढलं म्हणजे ते इंजिन स्टँडबाय म्हणून संपलं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत ट्रान्सफॉर्मर गेला, दीड दिवस लाइट नाही, काहिलीत (रस आटवायच्या कढईत) अर्धा रस. पोराने इंजिन शेडच्या कडेला उभं करून चालू करून बघितलं, एकाच चाकावर ते एवढं हादरायला लागलं की लगेच बंद केलं. अर्ध्या रसाची काकवी केली, तोडलेला ऊस मात्र तसाच वाळत पडला. ते नुकसान टळलं असतं, भंगारातून दुसरं चाक शोधायला मला तेव्हा एक दिवस गेला असता.

आता ते चाक मिळालंय. इंजिनचं चाक इंजिनला परत जाणार, काउंटरशाफ्ट दीड फूट लांब करून त्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिनसाठी एक सपाट पुली, म्हणजे लाइट गेली की व्ही-बेल्ट उतरवायचे आणि इंजिनचा पट्टा चढवायचा. इंजिन ६५० चं आणि शाफ्टही ६५० चा, दोन्हीकडं सारखीच १० इंची पुली. नवा शाफ्ट माझ्या लेथवर आहे, टर्निंग झालंय, की-वे (चावीच्या खाचा) पाडायचे राहिलेत.